सुतकातलं घर

ता. २१ ऑक्टोबर १९४८, गुरुवार

प्रिय रखमाजीस,
मच्छिंद्रचा रामराम.

सोमवारी तुझ्या आईनं, साळूमावशीनं, शपथेच्या भंडाराचं ताट जसंच्या तसं चावडीवर परत आणून ठेवलं, आणि त्या घटकेला माझं सगळं फिरलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू कागद फाडणार असशील तर आत्ताच फाडशील.

खुशालीचं म्हणशील तर घरी सगळे ठीक. तुमची तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुमच्या वावरात कापूस फुटलाय. वेचायला माणूस मिळत नाही म्हणून साळूमावशी आणि उषा, मायलेकी दोघीच जातात. उषा बरी आहे. तिच्याबद्दल एवढंच.

तुझा निरोप पोचला. लतीफ पिंजारी गावात यायच्या आत तू भोकरदनच्या वाटेवर ओढ्याच्या काठी येऊन बसणार, मी बंदूक साफ करून भरून ठेवायची. बराबर ऐकलं मी. त्याचं उत्तर खाली देतो.

आधी बैठकीचं ऐक. धाड गावी तुझ्या मामाच्या घरी बसून तुला वाटत असेल की गाव नामर्द झालं. मलाही तसंच वाटून राह्यलं होतं. काकासाहेब पाटलांनी दवंडी दिली की फौज आल्यावर पिंजारगल्लीतली पळालेली माणसं भोकरदनला उघड्यावर पडलीत, त्यांना परत आणायचं का, आणि आणायचं तर कोणत्या बोलीवर, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मी भांडायलाच गेल्तो. बंदूक खांद्याला होती.

मी पहिलाच उठलो आणि बोललो की ज्यांनी तुझ्या आबांना, रामरावकाकांना, वावरातून उचलून नेलं त्यांच्याशी बोलणं कसलं. पन्नालालशेठ बोलायला लागले तर मी म्हणालो, शेटजींना कापसाच्या बाजाराची घाई झाली. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझं दुकान दोनदा फुटलं, बेटा. आधी रझाकारांनी फोडलं. फौज आल्यावर तुमच्यातल्यांनी फोडलं. तिसऱ्यांदा कोण फोडणार, ते तेवढं सांगून ठेव."

लोक हसले. काकासाहेब मला म्हणाले, "कालेज अर्धं टाकलं, आता गाव बी अर्ध्यावर टाकू नको. बस खाली." मी बसलो.

मंग ठरत गेलं. जाळलेल्या घरांवर गावानं छपरं घालून द्यायची. ज्याच्या घरी दुसऱ्याचं जे काही आलंय, भांडं असो की बैल, ते मारुतीच्या पारावर आणून ठेवायचं, कुणी नाव विचारायचं नाही. आणि शेवटी आपली नेहमीची रीत: प्रत्येक घरानं बेल-भंडार उचलून शपथ घ्यायची, की आजपासून कुणावर हात उचलणार नाही. पिंजाऱ्यांनी त्यांच्या कुराणावर हात ठेवायचा. ताट गल्लीगल्लीतून फिरलं. सगळं गाव एका दुपारीत साधू झालं. मला हसू येत होतं.

ताट तुमच्या घरी गेलं आणि परत आलं ते साळूमावशीच्या हातात. पाठीमागं उषा. बाया चावडीच्या पायरीखाली थांबतात, पण मावशी पायरी चढून वर आली. ताट खाली ठेवलं. बोटांना भंडाराच्या हळदीचा डागसुद्धा नव्हता.

"सुतकाचं घर हाय आमचं," ती म्हणाली. "सुतकातल्या हातानं भंडार उचलत न्हाईत. तुमाला कुणाला याद न्हाई राह्यली?"

रखमा, खरंच कुणाला आठवलं नव्हतं. ज्या घराचा माणूस गेला त्या घराशिवाय शपथ कच्ची, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि त्याच घराकडं ताट शेवटी पाठवलं. कुणीतरी हळू म्हणालं की सुतक तेरा दिवसांचं असतं, जेठापासून आता किती महिने झाले.

"तेरावं कुणाचं घालू?" मावशीनं विचारलं. "माणूस दाखवा. जागा दाखवा. मंग मी कुंकू बी पुसते आन भंडार बी उचलते."

तुला माहीत आहे ना, ती अजून कुंकू लावते? बाया मागं कुजबुजतात. ती लावते.

काकासाहेब म्हणाले, वहिनी, झालं ते झालं, आता शांती धरायची. तेव्हा उषा बोलली. चावडीवर पोरीनं बोलायची रीत नाही, आणि ती ओरडली नाही बिलकुल. "गप बसणं म्हंजी शांती का, काका? मंग आमच्या घरात तर कवाचीच शांती हाय."

त्यावर पन्नालालशेठ उठले आणि जे पोटात धरून बसले होते ते बाहेर काढलं. लतीफचाचा त्यांना भोकरदनला भेटला होता. रामरावकाकांना पुरलं ती जागा त्याला माहीत आहे. त्या रात्री रझाकारांनी त्याला घरातून ओढून नेलं, खड्डा त्याच्याकडून खणून घेतला. तो सांगायला तयार आहे, पण निरोप्याच्या तोंडून नाही. गावात येऊन, चावडीवर, सगळ्यांसमोर. फौजेच्या सिपायांबरोबर यायलाही तो तयार नाही. सिपायांच्या मधून आलो तर माणसं मला चोरच समजतील, म्हणाला. गावातलं कुणीतरी न्यायला यावं.

मी उठून विचारलं की त्या रात्री रझाकारांच्या पुढं कंदील धरून वाट दाखवणारा माणूस कोण होता मग. तो लतीफच, असं आपण दोघं इतके महिने बोलत आलो. शेठ म्हणाले, ते मला माहीत नाही, त्यालाच विचार.

मावशीनं माझ्याकडं, खांद्यावरच्या बंदुकीकडं बघितलं. "कंदील धरला आसंल तर धरला म्हणून सांगावं त्यानं. मला खोटी शांती नको आन खोटा गुन्हेगार बी नको. पर मेलेला माणूस सांगंल का, मच्छिंदर?"

रखमा, मी तुझ्याएवढाच तापट आहे. पण हे ऐकून मी खाली बसलो. आपण ओढ्यावर त्याला आडवा केला असता तर रामरावकाका कुठं आहेत हे जगात कुणालाच कळलं नसतं. तुझ्या आईचं सुतक मरेपर्यंत फिटलं नसतं. हे आपल्या दोघांच्या डोक्यात कसं आलं नाही? रागात येत नाही, एवढंच.

त्यानं कंदील धरला होता की नाही, मला अजून ठाव नाही. धरला असेल तर चावडीवर काय होईल, तेही ठाव नाही. तेव्हा मला माझाच भरवसा वाटत नाही. म्हणून ही पुढची गोष्ट केली.

बंदूक माझ्याकडं नाही. चावडीच्या आतल्या खोलीत आहे, कुलपात, आणि किल्ली तुझ्या आईच्या कमरेला. लतीफचाचाला आणायला कोण जातं, असं काकासाहेबांनी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. मी हात वर केला. त्याला काही झालं तर आधी मला धरा, असं बोललो. भंडार उचलून बोललो.

तू म्हणशील, पोरीसाठी केलं. वर उषाबद्दल एवढंच असं लिहिलं, ते खोटं होतं. तिनं मला कधी भाऊ म्हणून हाक मारली नाही, हे तुझ्या ध्यानात आलंय का? मला आठव्या यत्तेपासून ध्यानात आहे. औरंगाबादचं कालेज सोडून मी रझाकारांशी लढणाऱ्यांच्या छावणीत आलो ते देशासाठी, असं तुला सांगितलं होतं. तेही खरं. पण छावणी धाड गावात होती आणि तुम्ही सगळे तेव्हा तिथंच मामाकडं होता, हेही खरं. तू मला मार, बोलणं सोड, तुझी मर्जी. मी तिच्याकडं काही मागितलेलं नाही. मागणार असलो तर आधी तुझ्याकडं येईन, आणि तेही तुमच्या घराचं सुतक फिटल्यावर.

बैठक उठल्यावर ती पारापाशी थांबली होती. म्हणाली, "दादाला लिवा. म्हणावं, येतानी कुदळ घेऊन ये. आबांना काढायला पोराचाच हात पाहिजे."

तिचा निरोप पोचवला. आता माझा.

मी आज भोकरदनला जातो. शनिवारी सकाळी लतीफचाचाला घेऊन पायी निघेन. वाट तीच, ओढा तोच, तिथून दुसरी वाट नाही. तो म्हातारा माझ्या मागं असेल आणि मी पुढं. तुझा नेम चुकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू धाडहून दुसरी बंदूक आणू शकतोस. आण. पण कुदळही आण. दोन्ही हातांत घेऊन ओढ्यावर बस आणि आम्ही दिसलो की कोणता हात उचलायचा ते तूच ठरव. तुझ्या वतीनं मी ठरवणार नाही.

पन्नालालशेठची गाडी धाडला निघाली, गाडीवाला दारात हाका मारून राह्यला. हा कागद त्याच्या हाती देतो. चपला घातल्या. भिंतीवरच्या खुंटीला बंदुकीचा नुसता पट्टा लोंबतोय, तो तसाच राहू देतो आणि दार ओढून घेऊन निघतो.

ओढ्यावर भेटेपर्यंत तरी तुझाच,
मच्छिंद्र