फोटोची चूक दुरुस्त झाली

४ फेब्रुवारी, बुधवार. लातूर, दवाखाना.
डाव्या दंडाला सतरा टाके. उजवा हात ठीक आहे, म्हणून लिहितेय. शैलाताई गेली. लिहून बघितलं. काहीच होत नाही.
काल दुपारी. पोरी सगळ्या क्लासला, होस्टेल रिकामं. ताई ऑफिसात रजिस्टर घेऊन बसलेली, मी आतून चहा आणत होते. तो नेहमीचा माणूस आला, पिशवीतून कोयता काढला. मी मधे पडले तेव्हा दंडावर लागलं. पुढचं नको.
अकरा वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही दोघी वॉर्डन.

५ फेब्रु.
भाऊ रेणापूरहून आला, पेपर घेऊन. पुढं धरला. होस्टेलच्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो, आणि लाल गोल माझ्या तोंडाभोवती. खाली 'मृत वॉर्डन'. घरी आई माझ्या नावानं रडली म्हणे. गल्लीतल्या बाया जमल्या. भावाचा फोन गेला तेव्हा कुठं थांबली.
ताईचं वय ३८ लिहिलंय. ती ४६ ची. होस्टेल भलत्याच कॉलनीत. मथळा: 'प्रेमप्रकरणातून वॉर्डनची हत्या'. आत: 'हल्लेखोर वॉर्डनकडे रोज येत असे, असे जखमी सहकारी महिलेने सांगितले.'
ती सहकारी महिला मीच. स्ट्रेचरवर होते तेव्हा एकजण वाकून विचारत होता, ओळखीचा होता का? मला वाटलं डॉक्टर. "हाव, रोज यायचा."
एवढंच बोलले. वाक्य खरं आहे.

६ फेब्रु.
फौजदार बाई आल्या. जबाब.
"आरोपी म्हणतोय, वॉर्डनबाईशी संबंध होते, तिनं फसवलं. खरं हाय का?"
"न्हाई."
"मग कशाला यायचा रोज?"
"माहीत न्हाई."
खोटं बोलले. पोलिसासमोर, सही करून.
त्याची बहीण आमच्याकडं दोन वर्षं होती, नीट परीक्षेची तयारी करत. दिवाळीनंतर स्वतःच्या मर्जीनं रजिस्टर लग्न करून गेली. पत्ता फक्त ताईला आणि मला ठाऊक. तो रोज यायचा तो पत्त्यासाठी. ताई रोज तेच सांगायची, "ती सज्ञान हाय बाबा. मी न्हाई सांगणार." त्यानं पोलिसांत बहिणीचं नाव घेतलंच नाही. घरची अब्रू राखली, ताईची घालवली.
पोरीचं नाव इथं लिहीत नाही. गावही नाही.

९ फेब्रु.
डिस्चार्ज. होस्टेलवर आले. अर्ध्या पोरी घरी गेल्यात. आमची खोली आहे तशीच. ताईच्या कॉटवर बसले, उठले.
पेपरच्या ऑफिसात फोन लावला. बोलणारा पोरगेला आवाज, नीट बोलला.
"फोटोची चूक झाली मॅडम, सॉरी. उद्या दुरुस्ती देतो."
"प्रेमप्रकरणाचं पण खोटं हाय."
"ते पोलिसांनी सांगितलंय. तुम्हीच सांगा ना खरं कारण, छापतो."
तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. ठेवला फोन.

१० फेब्रु.
दुरुस्ती आली, पान ६. ताईचा फोटो, एकटीचा, निळ्या साडीतला. वय बरोबर. नाव बरोबर. कॉलनी बरोबर. आणि खाली परत तीच ओळ, 'प्रेमप्रकरणातून'.
कालपर्यंत लोक माझा फोटो बघून बोलत होते. आता तिचा बघून बोलतील. हे मी फोन करून करवून घेतलं.

१२ फेब्रु.
त्या लग्न करून गेलेल्या पोरीचा फोन.
"मावशी, शैलाताई माझ्यामुळं..."
"तुझ्यामुळं न्हाई."
"चुलते शोधून राहिलेत आम्हाला. लग्नाचं गावात अजून कोणाला माहीत न्हाई. पेपरात आलं तर..."
"मी कोणाला काही सांगितलं न्हाई."
तिला बरं वाटलं. मला काहीच वाटलं नाही. गोळ्यांमुळं असेल.

१५ फेब्रु., रविवार. भोकर.
ताईचा तेरावा. नांदेडपर्यंत एसटी, मग दुसरी. माणसं फार नव्हती. आलेले जेवले आणि लगेच निघाले.
ताईचे मालक, भाऊजी, मला गोठ्याकडं घेऊन गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे. माझ्याकडं बघेनात.
"कल्पनाताई, तुम्ही होतात तिथं. तो तिचा कोण होता?"
"कोणी न्हाई भाऊजी." मग सगळं सांगितलं. नाव सोडून.
त्यांनी म्हशीपुढं वैरण टाकली. मग म्हणाले, "हे आत चार माणसांत सांगा."
"त्या पोरीच्या जिवाला धोका हाय."
"हां. ती जिवंत हाय. चांगलं झालं." मग, "माझी अनु शाळेत जाऊन न्हाई राहिली. दहावीची परीक्षा तोंडावर हाय. पोरींनी तिला मोबाईलवर ती बातमी दाखवली."
अनु दारात उभी होती. आईसारखीच उंच. "मावशी, हात दुखतो का?" एवढंच विचारलं तिनं.
आत जाऊन कोणालाच काही सांगितलं नाही. एसटीत बसले.

१७ फेब्रु.
पोरीला फोन केला. अनुचं सांगितलं. मागितलं काहीच नाही. पण फोन कशासाठी केला ते दोघींना कळलं. वाईट केलं का? माहीत नाही.

१९ फेब्रु.
सकाळी तिचाच फोन. "मावशी, मी जबाब देते. तुम्ही सोबत या."
फौजदार बाईंना भेटले. आधी ओरडल्या. "हे पहिल्या दिवशी का न्हाई सांगितलं?" मग खुर्ची दिली. सोमवारी अकराला पुरवणी जबाब, दोघींचा. विचारलं, नाव बाहेर जाईल का. म्हणाल्या, "आमच्याकडून न्हाई जाणार."
'प्रेमप्रकरण' पण याच ठाण्यातून गेलं होतं.
भाऊजींना कळवलं. "बरं," म्हणाले.
दुपारी पोरीचा परत फोन. येणार आहे, नवरा सोबत, तोंड बांधून. एकच विचारत होती, "पेपरात माझं नाव येईल का?"
नाही येणार, असं सांगितलं तिला. अगदी ठाम सांगितलं.
मला माहीत नाही.