तिकिटावरची मुलगी

३ फेब्रुवारी
आज सरकारी छापखान्यात रुजू झालो. सोळा वर्षं ढाली-करंडकांवर दुसऱ्यांची नावं कोरली, आता नोटा आणि टपाल तिकिटं! छापखान्यामागेच दोन खोल्यांचं घर मिळालंय. नळाला दिवसभर पाणी, म्हणून बायको खूश. लांबलचक व्हरांडा, म्हणून आमची सहा वर्षांची ठकी खूश. साहेबांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. तिथे पूर्वी एक वयस्कर कारागीर बसायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गेल्या वर्षी ते वारले. पहिलंच काम मोठं आहे : पुस्तक वाचणाऱ्या मुलीचं तिकीट. ते जमलं तर नोकरी कायम.

१९ फेब्रुवारी
पोलादाचा तुकडा तिकिटाएवढाच. त्यावर सगळं उलटं कोरायचं, भिंगाखाली, केसाएवढ्या रेघांनी. दिवसभरात गालाचा तिळाएवढा भाग होतो. दिवसभर उलटं काम करता, निदान घरी तरी सुलट वागा, असं बायको म्हणते. तुकडा नवा नाही. आधीचं काही घासून पुन्हा गुळगुळीत केलेला आहे. चांगलं पोलाद सहज मिळत नाही, असं साहेब म्हणाले.

११ मार्च
पहिली छाप निघाली. चित्रकाराने दिलेली मुलगी गोल चेहऱ्याची होती. कागदावर उतरली ती निमुळत्या हनुवटीची, एका भुवईवर जखमेचा व्रण असलेली. ही मी कोरलेली नाही. मी साहेबांना तसं सांगणारच होतो, पण ते कितीतरी वेळ छापेकडे बघत राहिले आणि म्हणाले, हिच्यात जीव आहे, असं काम इथे वीस वर्षांत झालं नाही.
मी आभार मानले. सोळा वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

१४ मार्च
छाप काढणारे काका आज स्वतःहून बोलले. ती मुलगी मास्तरांची. त्यांनी अकरा महिने खपून याच तुकड्यावर तिचा चेहरा कोरला होता. मध्येच ती आजारी पडली. काम संपेपर्यंत रजा नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि मास्तर मान खाली घालून बसून राहिले. घरी पोचले तेव्हा तिला स्मशानात नेलेलं होतं. पुढे ते तिकीटच रद्द झालं, तुकडा घासून कपाटात गेला. त्यानंतर नऊ वर्षं मास्तर याच टेबलाशी बसले, कुणाशी अक्षर बोलले नाहीत.
काकांनी हे काम सोडून द्यायला सांगितलं. महिन्याभराचा तर प्रश्न आहे, मी म्हणालो.
“मास्तरही हेच म्हणाले होते,” काका म्हणाले.

२ एप्रिल
ठकीला ताप. सकाळच्या छापेत मुलीच्या डोळ्यांखाली खड्डे दिसले. मी ते कोरलेले नाहीत. संध्याकाळी घरी गेलो तर ठकीच्या डोळ्यांखाली तेच खड्डे.

५ एप्रिल
ताप उतरत नाही. रजा मागितली. दहा तारखेला छपाई सुरू करायची आहे, मग हवी तर महिनाभर घ्या, साहेब फार गोड बोलले. रजा मिळाली नाही, असं घरी सांगितलं. बायकोने एवढंच विचारलं, “मागितली, की नुसती विचारलीत?”
मी ठकीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

७ एप्रिल
ठकी खाटेवरून पडली. भुवई फुटली. तीच. आता कळलं — कागदावर आधी होतं, घरी नंतर.

९ एप्रिल, सकाळ
आजच्या छापेत मुलीचे डोळे मिटलेले. काकांनी कागद पालथा ठेवला आणि बाहेर गेले. हातोडा उचलला होता. पण तुकडा फोडला आणि ठकीला — नाही. डोळे उघडायचे. पापण्या घासून बुबुळं कोरायची —

९ एप्रिल, दुपार
उघडले. पहारेकरी निरोप घेऊन आला : ताप उतरला, पोर उठून बसली. धावत घरी गेलो. ती खाटेवर पुस्तक वाचत होती. भराभर, ओळीवर बोट ठेवून.
ठकीला अजून वाचता येत नाही.
परक्या माणसाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोला विचारलं, “माझे बाबा अजून कामावरून आले नाहीत?”
तापातलं बोलणं आहे, बायको म्हणाली. आनंदाने रडत होती बिचारी. मी तिला काय सांगू —

१० एप्रिल
नोकरी कायम झाल्याचं पत्र साहेबांनी हातात दिलं. पाठ थोपटली. छपाई सुरू झाली आहे, पहिला गठ्ठा सहीसाठी माझ्याच टेबलावर.
भिंग लावलं. मुलगी सुंदर आहे. डोळे टक्क उघडे. पण पुस्तकाचं पान — ते मी कोरं ठेवलं होतं. त्यावर काहीतरी आहे. मुंगीएवढं. एक चेहरा. गोबरे गाल, तोंड उघडं —
ठकी.
दुसरं तिकीट. त्यातही. तिसऱ्यात तोंड जास्त उघडं. मशीन खाली दाबतं तसं — दर छापेला —
साहेबांना सांगितलं. ते हसले. एक लाख छापायची आहेत म्हणाले.
काकांना ओरडून सांगतोय, मशीन थांबवा. आवाजात ऐकू जात नाही. तिचे हात आता पानाच्या कडेवर, ती बाहेर येऊ बघतेय आणि वरून पुन्हा मशीनचा —