काकवीच्या रंगाचा आवाज

प्रिय राजी,

संक्रांतीला येते म्हणालीस. नवी रचना अडून बसली आहे, पियानोच्या खालच्या पट्ट्यांत तो काकवीचा रंग सापडत नाही, मोंढ्यात बसून तुमची हर्राशी ऐकल्याशिवाय जमायचं नाही, असंही म्हणालीस. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बाप-लेक सारखेच खुळे.

तू लहान होतीस. मानवतच्या बाजारात, मोंढ्यात, मी हर्राशीला कापसाच्या लिलावाची बोली पुकारायचो, ती तू गाडीवर बसून ऐकायचीस. एक दिवस म्हणालीस, "बाबा, तुमचा आवाज काकवीवाणी दिसायलाय." मी हसलो. घरी पेटीवर बसलीस की तुझी एक पट्टी वांग्याच्या रंगाची, दुसरी शेवाळाच्या. आईनं तुला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डोळे चांगले निघाले, तर तिला वाटलं, म्हणजे आता डोकंच. पुढं पुण्यात तुझ्या पियानोच्या बाईंनी सांगितलं की काही जणांना सूर दिसतातच, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

मला सुरांतलं काही कळत नाही. पण तू आधी रंग मांडतेस आणि मग त्या रंगाच्या पट्ट्या शोधतेस, हे कळल्यापासून तुझं वाजवणं मी डोळे मिटून ऐकतो. रंग कधी दिसला नाही. तुझी मागची रचना मोबाईलवर चंद्रभान हमालाला ऐकवली, तर तो विचारतो, याच्यात चाल कुठं हाय. मला मात्र डाव्या हातात माझं 'एक बार, दोन बार' ओळखू आलं.

मागच्या आठवड्यात फोनवर तू मला मधेच थांबवलंस. मग म्हणालीस, "बाबा, तुमचा आवाज राखेवाणी दिसायलाय." मी थंडीवर ढकललं. खरं तर दिवाळीपासूनच घसा बसलाय. हर्राशी आता माझ्या हाताखालचा भुजंग पुकारतो.

राजी, घशात गाठ आहे. येत्या सोमवारी नांदेडला स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. संक्रांतीपर्यंत थांबता येईल का, म्हणून डॉक्टरांना विचारून पाहिलं. नाही म्हणाले. तेव्हा रविवारपर्यंत ये. मोंढ्यातला आवाज मागू नकोस, तो गेला. आहे तो राखेचाच आहे. त्याच आवाजात मला तुला एकदा समोर बसवून नावानं हाक मारायची आहे.

तुझाच,
बाबा