सिंहगडाखालचा पिवळा डाग

धायरी, संक्रांत, २०२५

चि. सौ. अस्मितास अनेक आशीर्वाद.

तिळगूळ सोबत पाठवते आहे. गोड बोलणं मात्र यंदा जमणार नाही. फोनवर तोंड सुटेल, म्हणून हे पत्र.

काल प्रदर्शनात तुझं बक्षीस मिळालेलं चित्र बघून आले. परीक्षकांनी त्याला ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, म्हटलंय; वाचताना माझी कवळी हलली. सिंहगड जांभळा, झाडी केशरी आणि वरचा टीव्हीचा मनोरा बाईसाहेबांनी गाळलाच! बारा वर्षं मी माझ्या गॅलरीतून हा डोंगर काढते, दगडन् दगड जागच्या जागी. तू दिवाळीत पाहुणी आलीस, माझ्या पाठीमागे बसून रंगाचे ठोकळे थापलेस आणि बक्षीस घेऊन गेलीस. आयत्या बिळावर नागोबा! आणि पायथ्याशी तो पिवळा डाग कसला गं? वरण सांडलं की काय?

हे म्हणतात, बहिणीचं कौतुक करावं. पण माझा जळफळाट होतोय, खोटं कशाला लिहू? रंगपेटी माळ्यावर टाकली आहे. हल्ली डोंगराकडे पाठ करून चहा पिते.

लोभ आहे, पण सध्या आंबलाय.

तुझी श्यामलाताई


खडकी, २० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. तुझ्या पत्राइतकाच कडक होता.

मनोरा मला जमेना, म्हणून गाळला. तुझ्या रेषेचा मला शाळेपासून हेवा वाटतो, हे आज सांगते. पण वरण नाही सांडलं. तो तुझा पिवळा स्वेटर आहे. रोज सकाळी तू डोंगरापुढे बसायचीस, चहा गार व्हायचा, भावोजी हाका मारून दमायचे. असं सगळं विसरून बघणं मला कधी जमलं नाही. म्हणून आधी तुला काढलं, डोंगर नंतर तुझ्यापुढे मांडला. प्रदर्शन संपलं की चित्र तुझ्याकडेच आणते.

आंबलेला लोभही चालेल, संपवू नकोस.

तुझी अस्मिता


धायरी, २५ जानेवारी

चि. सौ. अस्मितास आशीर्वाद.

काल पुन्हा जाऊन आले. या वेळी जरा लांब उभी राहिले. मीच आहे, मान वाकडी करून बसलेली. रडू आलं. शेजारच्या बाईंना सांगितलं, ही मी; त्यांना काही पटलं नाही.

जळफळाट गेलेला नाही, वाढलाय. बारा वर्षांत माझ्या एकाही चित्रात माणूस नाही, हे तुझ्यामुळे कळलं.

ह्यांना स्टुलावर चढवून रंगपेटी खाली काढली आहे. पुढच्या रविवारी ये. डोंगरासमोरची खुर्ची तुझी. या वेळी मागे मी बसणार.

लोभ तसाच. लाल काहीतरी घालून ये.

तुझी ताई