अडचणीच्या पानाचा दोरा

मी, सार्वजनिक वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल ते तितके खात्रीने बोलत नाहीत, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही; आणला असता तर त्याची खैर नव्हती.

कलम १. मला एक मुलगा व एक मुलगी. दोघेही शिकलेले, कमावते आणि दोन वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी न बोलणारे. भांडण इस्टेटीचे असते तर मी समजून घेतले असते. ते आहे इस्रायल आणि पॅलेस्टाइनवरून. दोघांपैकी एकानेही त्या भूमीवर पाय ठेवलेला नाही.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, दोघांच्या नावे समसमान. मधे भिंत घालू नये. भिंत घालायची कल्पना ज्याच्या डोक्यात येईल, त्याने आधी कलम ७ वाचावे.

कलम ३. माझे दिवंगत पती पुस्तकबांधणी करत. त्यांचा दाबयंत्राचा सांगाडा, सुया, चाकू व सरसाचे भांडे समोरच्या गल्लीतल्या बांधणीवालीला द्यावे. मेणाचा लाल दोरा मात्र देऊ नये. त्याचे रीळ पुस्तकांच्या कपाटात आहे, तिथेच राहू द्यावे. त्या दोऱ्याची हकीकत अशी.

कलम ४. वाचनालयात या प्रश्नावरच्या पुस्तकांची एक फळी मी उभी केली. सुरुवातीलाच पाटीवरून वाद: आधी 'इस्रायल' लिहायचे की 'पॅलेस्टाइन'? मी पाटीच्या दोन्ही बाजूंना लिहिले, एकीकडे हे आधी, दुसरीकडे ते, आणि दर सोमवारी पाटी उलटवत असे. लोक हसले. हसोत बापडे. १९४८ साल एकाला स्वातंत्र्ययुद्धाचे, तेच दुसऱ्याला नकबाचे, म्हणजे महाआपत्तीचे. जिथे एका वर्षाची दोन नावे आहेत तिथे पाटीला दोन बाजू असल्या तर काय बिघडले?

पुस्तके निवडताना माझी एकच कसोटी होती. लेखकाने स्वतःच्याच बाजूला अडचणीचे होईल असे पान कुठेतरी लिहिले आहे का? आपल्या सैनिकांनी गाव रिकामे करवले, असे सांगणारा इस्रायली. आपल्या माणसाने बसमध्ये स्फोट घडवला आणि त्यात शाळेची पोरे गेली, त्याला पराक्रम म्हणू नका, असे सांगणारी पॅलेस्टिनी शिक्षिका. असे पान नसेल तर ते पुस्तक नव्हे, जाहिरात. अशा जाहिराती मी दोन्हीकडच्या परत पाठवल्या. निवडलेल्या पुस्तकांत त्या अडचणीच्या पानाशी मी चिठ्ठी ठेवत असे. वाचक चिठ्ठ्या काढून टाकू लागले, तेव्हा यजमान म्हणाले, "दे इकडे. आता काढून दाखवा म्हणावं." आणि त्यांनी त्या पानाला लाल दोरा शिवणीतच घालून दिला.

समतोल म्हणजे निम्मे-निम्मे, असे मी कधीही म्हटलेले नाही, हे इथे नोंदवून ठेवते. मेलेल्यांची संख्या सांगितली तर कोणी मोजली, कशी मोजली, आणि मोजायला कोणाला आत जाऊ दिले नाही, हे विचारावे लागते. कोणाच्या हातात काय ताकद आहे हेही पाहावे लागते. हे कष्टाचे काम आहे. दोन ओरडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवून त्याला चर्चा म्हणणाऱ्यांना ते झेपणारे नाही. माझा टीव्ही ज्याला हवा त्याने न्यावा.

कलम ५. वाचनालयाच्या चिटणिसांना मी काहीही ठेवत नाही. या गृहस्थांकडे एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या. एकीत म्हटले होते की फळी इस्रायलची तळी उचलते, दुसरीत की पॅलेस्टाइनची. माझ्या नोकरीत याहून चांगले प्रशस्तिपत्र मला मिळाले नव्हते. चिटणीस म्हणाले, "बाई, कशाला नसती डोकेदुखी? आपल्याला वाद नकोत." दुसऱ्या दिवशी फळीवर परीक्षांची गाइडे आणि माझी पुस्तके जिन्याखाली, ओल्या पोतेऱ्याशेजारी! तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारचे निवृत्त बसचालक व मी ती पुस्तके घरी आणली. चिटणिसांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. बोलल्यास कोणीतरी मोठ्याने खोकावे.

कलम ६. आता मुलांचे. तिकडे पुन्हा आग लागली त्या दिवसांत दोघे रविवारी जेवायला आले. मुलाने फोनवर ओलिसांचा व्हिडिओ दाखवला. मुलीने ढिगाऱ्याखालून काढलेल्या पोराचा दाखवला. दोन्ही पाहून मी ताट बाजूला सारले. ही दोघे मात्र एकमेकांच्या मेलेल्यांवर शंका घेऊ लागली.

"हे खोटं आहे, ताई. जुना व्हिडिओ आहे."

"आणि तुझा खरा? कोणी सांगितलं तुला? त्या तुझ्या ग्रुपनं?"

मग दोघे माझ्याकडे वळले. "आई, तू कुणाच्या बाजूची?" मी कपाटातून पुस्तके आणायला उठले. मुलगा म्हणाला, "हे तुझं तटस्थ राहणं म्हणजे पळपुटेपणा आहे." मुलगी म्हणाली, "अगदी बरोबर बोलला." त्यानंतर आजतागायत त्यांचे दुसऱ्या कशावर एकमत झालेले नाही.

मला राग याचा आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा. मी काठावर नव्हते रे, गळ्यापर्यंत आत होते! त्या दोन्ही पोरांसाठी मी रडले आहे. तुम्ही नुसते फोनवर बोट फिरवत होतात.

कलम ७. सदर पुस्तके मी उलटी वाटेन असे तुम्हाला वाटत असेल. नाही. मुलाला इस्रायली लेखकांची, मुलीला पॅलेस्टिनी लेखकांची. ज्याला जी बाजू प्यारी, त्याला तीच. घराचे कागद हाती घेण्यापूर्वी दोघांनी या स्वयंपाकघरात समोरासमोर बसावे आणि प्रत्येकाने आपल्या पुस्तकातले लाल दोऱ्याचे पान दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याने "बघ, मी सांगत नव्हते?" असे म्हणू नये. म्हटल्यास वाचन पहिल्यापासून.

वकीलसाहेब म्हणाले, "ही अट कोर्टात टिकायची नाही." मी म्हटले, "घरात टिकली तरी पुरे."

कलम ८. बँकेतली शिल्लक निम्मी-निम्मी. इथे निम्मे-निम्मे चालते.

कलम ९. माझ्या मृत्यूची बातमी शेजाऱ्यांनी फक्त मुलाला द्यावी. मुलीला ती त्यानेच सांगायची. तिचा नंबर त्याने ब्लॉक केला आहे. तो उघडावा लागेल. तिनेही फोन घ्यावा आणि "कोणी सांगितलं तुला?" असे विचारू नये. जगातली कोणतीही बातमी या दोघांना एका ठिकाणाहून मिळत नाही. ही एक तरी मिळो.

मृत्युपत्र उघडेपर्यंत उशीर झालेला असेल, म्हणून हे कलम शेजाऱ्यांना आजच वाचून दाखवले आहे.

ठिकाण: राहत्या घरचे जेवणाचे टेबल.
दिनांक: जानेवारीची बारा, सोमवार. पाटी आता घरी आहे. आज उलटवली.

(सही)

साक्षीदार: बाईंनी आमच्या दोघांसमक्ष सही केली व आम्ही बाईंसमक्ष.

१. उपचार करणारे डॉक्टर. (सही)

२. शेजारी, निवृत्त बसचालक. (सही) कलम ९ ऐकले. मुलाचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. मुलीचाही माझ्याकडे होता, तो बाईंसमोर खोडला.