पाचवा ग्लास

नंदनवन, नागपूर
चैत्रातला सोमवार

ती. मैनाबाई,

तुझ्या पायांवर धाकट्या मारोतचं डोकं. इकडे ऊन सोडलं तर बाकी सगळं बरं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावते का, का डबा तसाच खिडकीत बसवून ठेवला? कुहीत बोअरले पाणी आहे ना? फोन सोडून हा पत्र काहून लिहून राहिला, असं म्हणशील. बाई, फोन तू मधातच ठेवून देते. पत्र फाडायले तरी आधी उघडावं लागते.

तर ऐक. तुझी नात हिमानी दिवाळीपासून माझ्याकडेच राहून राहिली आहे (तिचं नाव काढू नको, असं तू म्हणाली होती, म्हणून हे सुरुवातीलेच काढून घेतो). ती फळांची वाईन बनवायच्या कारखान्यात कामाले आहे. परवाना भिंतीवर फ्रेम करून लावला आहे, मी स्वतः वाचून आलो. पण दारू गाळणारी पोट्टी माझ्या उंबऱ्यात नको म्हणून तू बसली, अन् तिनंही तोंड फुगवलं. सहा महिने झाले, दोघी एकमेकींशी बोलून नाही राहिल्या. आता तिच्या मालकानं सांगितलं की पाच तऱ्हेच्या वाईनी चार शहाण्या माणसांले चाखवा, ज्याले जास्त मार्क पडतील तीच येत्या मोसमात बनवू, बाकी बंद. तिचा सगळा जीव जांभळाच्या वाईनीत. पण चार शहाणे माणसं आणायचे कुठून? मी म्हटलं, माझे दोस्त आहेत ना! (इथंच चुकलं.)

विणकर सोसायटीत माझ्या शेजारच्या मागावर बसणारा देवराव तुले माहीत आहे. दुसरा अनंत, रिटायर मास्तर. तिसरा बाबूलाल, किराणावाला. चौथा मी, पण मी तर तुझ्या माळेची शपथ घेतलेला माणूस. थेंबाले शिवणार नाही, नुसता बसतो, असं ठरलं.

हिमानीनं तुझ्या भावजयीले, प्रेमलताले, चारदा बजावलं होतं की जेवण एकदम साधं पाहिजे, वरणभात अन् पोळी, जीभ कोरी राहिली पाहिजे. मग ती पातळ काचेचे ग्लास आणायले धरमपेठेत गेली. आता तूच सांग बाई, कोष्ट्याच्या घरी रविवारी दुपारी माणसं जेवायले येतात, अन् त्यांच्यापुढं वरणभात ठेवायचा? काय म्हणतील लोक? तुझ्या भावजयीनं सकाळीच मसाला भाजला अन् सावजी मटण असं केलं, की तर्रीच्या वासानं शेजारचे दोन घरं शिंकले. हिमानी ग्लास घेऊन आली तोपर्यंत पहिली वाढी होऊन गेली होती. देवराव डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसला होता. मास्तरचा चष्मा घामानं नाकाच्या शेंड्यावर आला होता. बाबूलाल (घरी कांदाही खात नाही, आपल्याकडे नळी सोडत नाही) डोळे पुसून पुसून आणखी रस्सा मागत होता. मीच एक ताकभात घेऊन बसलो होतो, कारण डॉक्टरनं मले तिखट बंद केलं आहे.

तरी पोट्टीनं हिंमत केली. पाच-पाच ग्लास मांडले अन् समजावलं, आधी रंग पाहा, हुंगा, घोट तोंडात फिरवा अन् थुंका. थुंकायले तिनं बाबांची पितळी पिकदाणी घासून ठेवली होती. बाबूलाल बिघडलाच. पैशाची वस्तू थुंकायची होती तर तोंडात घातली काहून? त्यानं पाचही ग्लास काढ्यासारखे घेतले अन् पाचही कागदांवर 'बढिया' लिहिलं (दुकानदार माणूस, कोणाले नाराज करत नाही). मास्तरनं दहापैकी सगळ्यांले पस्तीस-पस्तीस देऊन पास केलं. देवरावच्या कागदावर घामाचे ठिपके होते अन् एकच शब्द, 'पाणी'. जिभा साऱ्यांच्या मेलेल्या, वाईन काय अन् नळाचं पाणी काय.

हिमानी रडली नाही, तुझीच नात ती. स्वयंपाकघराच्या दारात बसून कोरडे ग्लास परत परत पुसत राहिली.

तेव्हा मले बाबा आठवले. सुताले लावायच्या आधी तांदळाची खळ ते आपल्या दोघांले हुंगायले लावत, आठवते? खळ बिघडली का चांगली आहे, हे आपण डोळे मिटून सांगत होतो. मी म्हटलं, जीभ नाही तर नाही, नाक तर आहे! उठलो अन् एकेक ग्लास हुंगत गेलो. पांढऱ्या द्राक्षाची ठीक, काळ्या द्राक्षाची ठीक, संत्र्याची साधीच. चौथा ग्लास सीताफळाचा. हुंगल्याबरोबर म्हटलं, ही तीन दिवसांची खळ आहे, फेक. हिमानीनं बाटली पाहिली तर बूच ढिलं! तशी ती उठून जवळ आली अन् पाचवा ग्लास तिनं स्वतः माझ्या नाकाशी धरला. जांभळाचा. मी हुंगला अन् खालीच बसलो. डोळ्यांत पाणी आलं (सगळ्यांले सांगितलं, रश्श्याची वाफ लागली). म्हटलं, पोरी, हीच. फक्त मागून जरा तुरट आहे.

मग सगळ्यांले दहीभात चारला, दोन तास झोपवलं अन् चार वाजता परत बसवलं. जांभळाची बाटली पहिले संपली. मास्तरनं जन्मात पहिल्यांदा कोणाले दहापैकी नऊ दिले. आज सकाळी मालकाचा फोन आला, जांभूळ पक्कं, पण तुरटपणा जाईल तरच. तो कसा काढावा, हे पोट्टीले दोन महिन्यांपासून उमजून नाही राहिलं. पण उमजेल. आज ती न्हाऊन, केस मोकळे सोडून घरभर गात फिरून राहिली आहे.

गुडघ्यांले जप. रागावली तरी माझीच बहीण आहे, कुठं जाशील?

तुझा,
मारोत

ता.क. मागच्या जेठात तू बांधावरच्या जांभळांसाठी माकडांले शिव्या घातल्या. त्यांचा काही दोष नव्हता. झाडावर हिमानी होती अन् खाली चादर मी धरली होती. यंदा तुले विचारून नेऊ म्हणतो.

ता.क. दोन. तुरटपणा नुसत्या वासावरून कसा कळला, हे तिनं विचारलं नाही. तूही विचारू नको. माळेची माफी मी देवाजवळ मागून घेतली आहे.

ता.क. तीन. उमरेडच्या घरी जुन्या मागाच्या खड्ड्यात तू मडक्यात जांभळाचा रस झाकून ठेवला होता. मी आठ वर्षांचा, तू तेरा. आठव्या दिवशी आपण दोघांनी पिला, अन् तू हसू लागली ते थांबेच ना. बाबांनी मडकं हुंगलं. कोणी केलं विचारलं तर तू पुढं झाली, अन् छडी एकटीनं खाल्ली. कोणाले सांगू नको म्हणाली होती. साठ वर्षं झाली, प्रेमलताले सांगितलं नाही, हिमानीलेही नाही. पाचव्या ग्लासाले तोच वास होता, बाई. पण आपल्या मडक्यातली तुरट नव्हती, मले पक्कं आठवते. तू त्यात काहीतरी टाकलं होतं. काय टाकलं, ते मले नको सांगू. तिले फोन कर.