फास्काच्या सायकलीचे अठराशे चाळीस किलोमीटर

तारुदांत, कसबा दरवाज्याच्या आत
१७ फेब्रुवारी

माझा जुना मित्र आणि माझ्या बायकोचे वडीलबंधू हाजी फास्का यांस बिहीचा सलाम.

विनंती विशेष. इकडे आम्ही अल्लाच्या दयेने बरे आहोत. तिकडे तू, नबील, सूनबाई, दोन्ही नातवंडं आणि सूनबाईंच्या आई (त्यांचा खोकला गेला का?) असे सगळे बरे असाल. तुझा गुडघा कसा आहे? कासाब्लांकाच्या दमट हवेने तो दुखतो असं तू मागे फोनवर म्हणाला होतास. त्यानंतर फोनवर तू फक्त 'हो, हो' म्हणतोस आणि फोन सुनेकडे देतोस, म्हणून हे पत्र. सायकल सुखरूप आहे. हे मी सुरुवातीलाच लिहितो, कारण हातात आलेला कागद तू शेवटपर्यंत वाचत नाहीस हे मला शाळेपासून माहीत आहे. (शेवटपर्यंत वाच.)

तीन आठवड्यांपूर्वी नबीलचा फोन आला. तो समुद्राजवळ कॅफे काढतो आहे आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगायला त्याला काहीतरी जुनं हवं आहे. तुझी हिरवी सायकल तिथे छान दिसेल, खालून दिवा सोडता येईल, आणि अब्बांनी हो म्हटलं आहे, असं तो म्हणाला. तुझी बहीण रकिया शेजारी सलगम चिरत बसली होती. ती म्हणाली, "बापाला खुर्चीत बसवलं, आता सायकल भिंतीवर." हे तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. नबीलला मी सांगितलं की सायकल तयारच आहे, कधीही गाडी पाठव. त्या वेळी सायकल घरात नव्हती. का नव्हती, ते आता सांगतो.

तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी जाताना तू आमच्या जिन्याखाली ती उभी केलीस, वर तुझा जुना पायघोळ जेलाबा पांघरलास आणि माझ्याकडून वचन घेतलंस की तिच्यावर कोणी बसणार नाही. दर शुक्रवारी मी नुसती चाकं फिरवायची. ते मी गेल्या नोव्हेंबरपर्यंत पाळलं. नोव्हेंबरात एका दुपारी आम्ही हमादच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर चहा घेत होतो, तेव्हा यिद्दर आला. यिद्दर तुला माहीत नाही. गावाच्या तटाबाहेरच्या नव्या वस्तीत त्याचं औषधांचं दुकान आहे, आणि त्याच्याकडे अशी सायकल आहे की जी एका बोटाने उचलता येते आणि जिला घंटी नाही. तो म्हणाला, "तुम्ही आतले लोक सायकल चालवता ती एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत. ह्याला चालवणं म्हणत नाहीत." हमाद खाली मान घालून पंक्चर काढत होता. तो म्हणाला, "औषधवाले, आधी ती घट्ट चड्डी बदला, मग बोलू. बायाबापड्या येतात इथे." यावर सगळे हसले, यिद्दरही हसला, आणि त्या हसण्यातून स्पर्धा निघाली. त्याला कोणी एक जण जबाबदार नाही. (कागदावर जबाबदार मी आहे, कारण लिहायला पुन्हा मास्तरच लागला.)

स्पर्धा अशी. तटाच्या आतले एक, तटाबाहेरचे एक, असे दोन संघ. प्रत्येकाच्या पाच सायकली. एक डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत जो संघ जास्त किलोमीटर करील तो जिंकला. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना कुसकुस खाऊ घालायचा, आणि तो स्वतः रांधायचा, बायकांकडून नाही. ही शेवटची अट, मी घरी नियम लिहीत असताना, रकियाने आतल्या खोलीतून ओरडून घालायला लावली. हमादने अगादीरहून किलोमीटर मोजणारे दहा मीटर आणले आणि पुढच्या चाकांना बसवले. यिद्दरला आमचा भरवसा नव्हता. आमच्यातला एक दमला की दुसरा बसेल आणि किलोमीटर कोणाचे यावरून रोज तंटा होईल, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने एक नियम घालून घेतला: किलोमीटर सायकलीच्या मालकाच्या नावावर, चालवणारा कोणी असो. मी तो नियम स्वच्छ अक्षरात लिहिला आणि खाली त्याची सही घेतली. ती सही नंतर फार उपयोगी पडली.

आमच्याकडे सायकली चारच भरल्या. पाचवी तुझी. मी रकियाला म्हटलं, नुसती संख्या पुरी करायची आहे, मीटर शून्यावर राहील, वचन मोडत नाही. रकिया काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही असे दिवस मला तारखेनिशी आठवतात. जिन्याखाली नीट दिसेना, म्हणून मीटर लावायला मी सायकल दाराबाहेर काढली. चूक झाली ती एवढीच.

तू दोन वर्षं बाहेर आहेस, तरी आपल्या गल्लीचा रिवाज विसरला नसशील. विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणता येतं, सायकल मागायला आलेल्याला नाही. तू स्वतः उभ्या आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाहीस. तुझ्या लग्नाच्या दिवशी तू सासुरवाडीला पायी गेलास, कारण तुझी सायकल घेऊन खाटीक बकरा आणायला गेला होता. तर सायकल दाराबाहेर दिसली आणि समोरची यामना डोक्यावर पिठाच्या गोळ्यांची फळी घेऊन आली. म्हणाली, "मास्तर, पाय दुखतात, भट्टीपर्यंत नेते आणि आणते." भट्टी तीनशे पावलांवर आहे. मी म्हटलं ने. ती परतली ती चालत. सायकल भट्टीवाल्याने सरपण सांगायला नेली होती. सरपणवाल्याने ती जावयाला दिली. संध्याकाळच्या नमाजाला सायकल दारात उभी होती, चेनला तेल घातलेलं, कॅरिअरवर पाच संत्री बांधलेली, आणि मीटर म्हणत होता एकोणीस. मी संत्री आत नेली आणि जेलाबा पुन्हा पांघरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेलाबा घडी करून पायरीवर ठेवलेला होता आणि सायकल नव्हती.

त्यानंतर मी तिला दिवसाउजेडी क्वचितच पाहिली. ती कुठे आहे हे कोणालाच नेमकं ठाऊक नसे, पण ती कोणाकडे होती हे सगळ्यांना ठाऊक असे. तिने सुईणीला दोन बाळंतपणांना नेलं. तिच्यावरून एक शिलाई मशीन आलं, मधमाश्यांची एक पेटी गेली, आणि इमामसाहेब स्वतः, घंटी वाजवत. संध्याकाळी मात्र ती न चुकता दारात यायची, आणि दर वेळी तिचं काहीतरी दुरुस्त झालेलं असायचं. मागचा ब्रेक, जो तुला अकरा वर्षांत जमला नाही, तो आता लागतो. मी स्वतः रोज सकाळी तटाला एक फेरी मारायचं ठरवलं होतं. साडेसात किलोमीटर. थंडी बोचरी, समोर डोंगरावर बर्फ, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतो की मास्तर, कुठे निघालात. कुठेच नाही, असं उत्तर द्यायची मला लाज वाटायची. म्हणून मी ओळखीच्या घरी थांबायचो, आणि थांबलं की चहा. आजवर माझे तीनशे बारा झाले आहेत. हमादचे पंच्याण्णव, तो म्हणतो, डॉक्टर आजारी पडतो का? तुझे अठराशे चाळीस.

यिद्दरचे सोळाशे दहा आहेत. तो रोज पहाटे एकटा, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, ओठ घट्ट मिटून करतो, आणि घरी जाऊन त्याचा आलेख काढतो. जानेवारीच्या मध्यावर तो आकडे पाहायला हमादकडे आला आणि तुझा आकडा पाहून म्हणाला, "हा फास्का कोण? मी रोज रस्त्यावर असतो. मला कधी दिसला नाही." हमाद म्हणाला, "तो फार पुढे असतो." (हमादला मी नंतर रागावलो.) मग खरं सांगावं लागलं की तू पाचशे किलोमीटर दूर, खिडकीजवळच्या खुर्चीत आहेस. यिद्दर म्हणाला ही स्पर्धा नाही, हे टपालखातं आहे. मी नियम वाचून दाखवला. सहीही दाखवली. तो बराच वेळ सहीकडे पाहत राहिला, दुसऱ्या कोणाची आहे का हे पाहावं तसा. माणूस वाईट नाही. त्याने चहा घेतला, दुसरा घेतला, आणि एक पोटनियम मागितला: शेवटच्या दिवशी मालकाने स्वतः आपल्या सायकलीवर तटाला एक फेरी मारायची, नाहीतर त्याच्या नावावरचे सगळे किलोमीटर बाद. मला तो न्याय्य वाटला आणि मी लिहून दिला. त्याची तू काळजी करू नकोस. ह्या थंडीत तू प्रवास करावास असं माझ्या मनातही नाही.

एक गोष्ट मात्र मला कळलेली नाही. सीट. तू उंच, म्हणून सीट वर असते. संध्याकाळी मी ती तुझ्या खुणेवर आणून घट्ट करतो, आणि मी फेरीला निघतो तेव्हा ती चार बोटं खाली असते. यामना शपथ घेते की ती नाही. पहाटे तिचं पीठ अजून फुगायचं असतं, भट्टीकडे जायचं ते नंतर. मी एकदा पहाटे पहारा ठेवणार होतो, पण झोप लागली. मी उठलो तेव्हा रकिया चहा करत होती, आणि सायकल दारात, चाकांना ओला चिखल. आठ दिवसांत पाऊस नव्हता.

आता नबीलच्या गाडीचं. ती आली, मागच्या सोमवारी. चालक शकीब नावाचा मुलगा, कासाब्लांकाचाच, सभ्य. त्याला सायकल घेऊन लगेच परतायचं होतं. मी त्याला बसवलं आणि सायकलीचा तपास केला. भट्टीवाल्याने सरपणवाल्याच्या जावयाकडे पाठवलं, जावयाने इमामांकडे, इमामांनी मला सबुरीबद्दल चार शब्द सांगितले. मंगळवारी शकीबने माझी सायकल घेऊन स्वतः शोध घेतला आणि दर घरी जेवला. बुधवारी त्याला ती दरवाज्याबाहेरच्या तेलाच्या घाण्याशी सापडली. ऊन चांगलं होतं, म्हणून तो तिच्यावरून लांबच्या रस्त्याने, तटाला वळसा घालून आला. (हे सात तुझ्या नावावर आहेत.) सायकल भिंतीला टेकवून त्याने रकियाला सांगितलं, "मावशी, ही काही गाडीत मावणार नाही." ती गाडी फ्रीज वाहते, फास्का. रकियाने त्याच्याबरोबर तुमच्यासाठी संत्र्यांची पेटी दिली आणि तो रिकाम्या गाडीने गेला. नबीलने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी तुला खरं ते सांगितलं.

तेव्हा सायकल सुखरूप आहे. तुला ती भिंतीवरच हवी असेल तर मालक तू आहेस, मी वचन मोडलं आहे, मला बोलायला तोंड नाही. मार्चमध्ये मी स्वतः बसने घेऊन येईन. तू आराम कर. मोठ्यांना सलाम, नातवंडांच्या डोक्यावरून हात.

तुझा
बिही

ता. क. आमच्या पाच सायकलींचे मिळून आज दोन हजार नऊशे पाच होतात. बाहेरच्यांचे दोन हजार सातशे नव्वद. तुझे वजा केले तर आमचे किती उरतात ते तू कर. शाळेत तुझं गणित माझ्याहून बरं होतं.

ता. क. २. सत्तावीस तारखेला रात्री नऊला कासाब्लांकाहून निघणारी बस सकाळी इथे पोचते. खिडकीची जागा सांगून ठेवली आहे. गुडघ्याचं मी यिद्दरला विचारलं. तो म्हणाला, सपाट रस्त्यावर सावकाश सायकल गुडघ्याला चांगली, आणि मलम तो स्वतः देईल. मी त्याला म्हटलं, फास्का आला नाही तर तुम्हीच जिंकता. तो म्हणाला, "मास्तर, मी पाच वर्षं एकटाच चालवतोय. येऊ द्या त्यांना." फेरीला तोही बरोबर येणार आहे, हळू. हमादने यिद्दरच्या सायकलीला घंटी लावली आहे.

ता. क. ३. मला कुसकुस रांधता येत नाही, हे तुला माहीत आहे.

दादा, हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून खाली मी लिहिते. ह्यांना सांगू नकोस. त्या अठराशेतले साडेचारशे माझे आहेत. तू गेल्यापासून तुझ्या बागेला पाणी कोणी देत नव्हतं. पहाटे हे घोरत असतात तेव्हा मी जाऊन येते. शकीबबरोबर आलेली संत्री तिथलीच, खाल्लीस का? सीट मी आजपासून तुझ्या खुणेवर ठेवते आहे. अकरा दिवस मी चालत जाईन. त्याहून जास्त मला जमणार नाही.